अर्जुनीच्या मशीनवरही दिसलं पाहिजे

मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनला स्टीलची फूटपट्टी लावून माप घेत होत्या. बाबा काउंटरमागे उभे राहिले होते आणि या बाईला हटकावं की चहा विचारावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोर आमचा एसटीडी बूथ होता आणि बूथच्या मागच्या बाजूला पडदा टांगून दोन कॉम्प्युटर ठेवलेले होते. बाहेर पाटी होती, 'सायबर कॅफे'. दोनपैकी एक बरा चालायचा. दुसरा इतका जुना होता की तिकडे कोणी बसूच नये म्हणून बाबा त्याच्यासमोर खुर्चीऐवजी मोडकं स्टूल ठेवायचे. मॅडमनी त्या स्टुलावरच ठाण मांडलं होतं.

"मॅडम, तो जुना होय. इकडे बसा ना, हा चांगला चालते," बाबा म्हणाले.

"चांगले माझ्याजवळ पुष्कळ आहेत," स्क्रीनवरची नजर न काढता मॅडम म्हणाल्या. "मले हाच पाहिजे. हा बिघडवते."

त्या गोंदियाहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या. काम एकच, आपण बनवलेल्या वेबसाइटचं एक पान या खटारा मशीनवर कसं दिसतं ते पाहायचं. पाहिलं. पानाचा उजवा रकाना खाली घसरला होता. "पडला," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या, पट्टी पर्समध्ये टाकली, बाबांना पैसे दिले आणि परतीच्या गाडीने गेल्या. बाबांचा चहा तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा हजर. गोंदियाची एक बाई कॉम्प्युटरला पट्टी लावते, ही बातमी तोवर सगळ्या बसस्टँडला झाली होती.

आज हे सांगितलं तर पोरांना गंमत वाटते, म्हणून थोडं समजावून सांगते. वेबसाइटचं पान एकच असलं तरी ते उघडून दाखवणारे ब्राउझर वेगवेगळे, आणि त्या काळी प्रत्येकाची अक्कल वेगळी होती. रकाना इतका रुंद ठेव म्हणून सांगितलं, तर एक ब्राउझर त्याचा काठ आणि समास त्या रुंदीतच धरायचा आणि दुसरा ते वेगळे मोजून त्यात भर घालायचा. मग एकीकडे दोन रकाने शेजारीशेजारी सुखाने नांदायचे आणि दुसरीकडे जागा पुरली नाही म्हणून एक धपकन खाली यायचा. मराठीचे हाल तर विचारू नका. एका ब्राउझरला मराठी अक्षरं आपोआप मिळायची. दुसऱ्यात त्याच जागी पानभर चिन्हांचा कचरा. रात्रंदिवस खपून एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसून बसायचा.

बाकीच्या वेबसाइटवाल्यांनी यावर सोपी तोड काढली होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ टाकायची, 'हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल.' झालं. ज्याला दिसत नाही त्याने आपलं नशीब बघावं. या ओळीचा मॅडमना असा काही राग होता की कुठल्या साइटवर ती दिसली की त्या साइटचा फोन नंबर शोधून फोन करायच्या. एसटीडीचं बिल भरून पुण्या-मुंबईच्या अनोळखी माणसांशी भांडायच्या.

"लग्नाची पत्रिका देता आन खाली लिहिता, पांढरा शर्ट घालून याल तरच जेवाले मिळन? बोलावलं तर वाढा ना, भाऊ!"

तिकडचा माणूस सांगायचा की बाई, तुम्ही तुमचा ब्राउझर बदला. मॅडम म्हणायच्या, "मी बदलीन. माझ्याजवळ सगळे आहेत. अर्जुनीवाल्यानं कायले बदलावा?" तोवर त्याने फोन ठेवलेला असायचा.

मॅडम मुळात टायपिंगच्या. गोंदियाच्या बाजारात, बारदान्याच्या दुकानावरच्या माडीत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि शहरातल्या कितीतरी कारकुनांच्या बोटांना त्यांनी वळण लावलं होतं. कॉम्प्युटर आले, टायपिंगला कोणी येईनासं झालं, तेव्हा त्यांनी टाइपरायटर विकले, बाकं ठेवली आणि त्याच बाकांवर कॉम्प्युटर मांडले. वेबसाइट बनवायला कुठे शिकलात असं विचारलं की म्हणायच्या, "उघडून उघडून." म्हणजे दुसऱ्याच्या साइटचा आतला कोड उघडायचा, वाचायचा, त्याला नावं ठेवायची आणि मग आपला लिहायचा. अंगात कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये पैसे कमी नि फ्लॉप्या जास्त. गोंदियाचे व्यापारी माघारी म्हणायचे, "दिमाग थोडा खिसका हुआ है मॅडम का." हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांचं म्हणणं असं की खिसकते ते पान, आणि तेही मशीनच्या चुकीमुळे.

बाकांवरच्या प्रत्येक मशीनमध्ये त्यांनी मुद्दाम वेगळा ब्राउझर ठेवला होता. सगळ्यात जुन्याला त्या 'म्हातारबा' म्हणायच्या आणि नव्याला 'हिरो'. पान तयार झालं की परीक्षेतल्या सुपरवायझरसारख्या त्या बाकांमधून फिरायच्या. म्हातारबाने पान बिघडवलं की ओरडायच्या. हिरोने बिघडवलं की जास्त ओरडायच्या. "तो म्हातारा आहे, त्याले कमी समजते. तुले का झालं रे?" पण दुकानातल्या मशीन आपल्या मर्जीतल्या असतात, खरी परीक्षा परक्या घरी, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्या पान घेऊन गावोगाव निघायच्या. राइस मिलच्या मुनीमजींची खोली, दवनीवाड्याच्या शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर, आणि आमचं ते मोडकं स्टूल. वीज गेली तर यायची वाट पाहत बाहेरच्या बाकड्यावर ताठ बसून राहायच्या. कोणाशी गप्पा नाहीत, काही नाही. फुटाणे खायच्या.

त्यांच्या दुकानात एक शब्द बोलायला बंदी होती. आमच्या गोंदियाचा श्वास ज्या शब्दावर चालतो तोच, 'चलता है'. गिऱ्हाईक बिचारं सवयीने म्हणायचं, "चलता है मॅडम, थोडा इधर-उधर है तो क्या हुआ." मॅडम चष्मा खाली करून विचारायच्या, "कहाँ चलता है? कौनसी मशीन पे?" गिऱ्हाइकाला वाटायचं बाई खरंच विचारतेय. तो म्हणायचा, माझ्या ऑफिसात चालतं. मग मॅडम त्याला उठवून म्हातारबासमोर बसवायच्या आणि त्याचंच पान त्याला दाखवायच्या. काही गिऱ्हाइकं तिथून जी उठून गेली ती परत आली नाहीत.

एका राइस मिलवाल्याला हौस होती की साइट उघडली की वरून तांदळाचे दाणे पडावेत. मॅडमनी दाणे पाडले. हिरोवर झकास पडले. दुसऱ्या मशीनवर ते वरच्या वरच चिकटून राहिले. म्हातारबावर मात्र दाणे पडायला लागले नि मशीनच बंद पडली. मिलवाला म्हणाला, चांगल्या मशीनवर पडतात ना, मग झालं. मॅडमनी त्याच्यासमोर दाणे काढून टाकले. "तुमचा तांदूळ दलालाच्या मशीनवर दिसला पाहिजे. दलाल बसते तिकडे साकोलीले, त्याच्याजवळ म्हातारबा आहे. त्याची मशीन बंद पाडून तुम्ही त्याले तांदूळ विकान का?" मिलवाला भडकला. साइट मात्र त्याने ठेवली, कारण दलालाचा खरोखर म्हातारबाच होता. पण दाण्यांचं दुःख तो पुढे बरीच वर्षं भेटेल त्याला सांगायचा.

आता ज्या गोष्टीमुळे मी त्यांच्याकडे गेले ती सांगते.

आमच्या समाजाच्या मंडळाने वधू-वरांची वेबसाइट काढायचं ठरवलं. दरवर्षी परिचय मेळावा व्हायचा आणि तोवर त्यात एक पुस्तिका निघायची. आता मुलं पुण्या-बंगलोरला गेली होती. त्यांना घरबसल्या मुली पाहता याव्यात म्हणून ही सोय. काम मॅडमना मिळालं. मंडळाचे अध्यक्ष गोंदियातले मोठे व्यापारी, बोलताना अंगठी टेबलावर टकटक वाजवायची सवय. त्यांच्या मनात साइटचं चित्र पक्कं होतं. साइट उघडली की समोर मुलींचे फोटो. मुलांची माहितीही असणार, पण ती वर एका मेनूत. माउस नेला की यादी सरकन खाली उतरणार आणि त्यात 'वर' असा शब्द सापडणार. नागपूरच्या कुठल्या तरी साइटवर त्यांनी तसला मेनू पाहिला होता आणि तो त्यांच्या डोळ्यांत भरला होता.

बाबांनी माझंही नाव घातलं. मला विचारलं होतं, नाही असं नाही, पण "टाकू ना?" हे शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत फोटो स्कॅन झालेला होता. मी तेव्हा बीएस्सी करून बूथवर बसत होते. मला पुढे कॉम्प्युटरचं शिकायचं होतं, नोकरी करायची होती. बाबांना हे मान्य होतं. लग्न करायचं तर अशाच घरात, जिथे हे चालेल, असं आमचं ठरलेलं होतं. तेवढी एकच गोष्ट मी मागितली होती.

मॅडम नेहमीप्रमाणे पान तपासायला अर्जुनीत आल्या. आमचा बरा कॉम्प्युटर तोवर विजेच्या झटक्याने गेला होता आणि जुनाच काय तो उरला होता. पान उघडलं. मुली दिसल्या. मीही दिसले, निळ्या ड्रेसमध्ये, शाळेच्या ओळखपत्रावर असतो तसा चेहरा करून. मॅडमनी माउस मेनूवर नेला. काही झालं नाही. पुन्हा नेला. मेनू ढिम्म.

"मुलं दिसत नाहीत," मी मागून म्हणाले.

मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वेळा येऊन गेल्या, पण मी तिथे आहे हे त्यांनी बहुतेक तेव्हाच पाहिलं. मग त्यांनी स्क्रीनवरच्या निळ्या ड्रेसकडे पाहिलं.

"ही तूच का?"

"हो."

"तुले सगळे पाहून राहिले आन तुले कोणीच नाही दिसून राहिला."

बाबा मध्ये पडले. "जाऊ द्या ना मॅडम. गोंदियाचा एखादा पोरगा बोलावतो आन यात नवं काही असन ते टाकून घेतो."

"या मशीनले हात लावाचा नाही!" मॅडम अशा ओरडल्या की बाहेर फोनवर बोलणारा माणूस दचकला. "तुमच्या पोरीले दिसन. मंग दवनीवाड्याच्या पोरीनं का करावं? तिचा बाप बूथवाला आहे का?"

त्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता. बाकड्यावर फुटाणे खाताना त्या मला म्हणाल्या, अगदी रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तशा आवाजात, "मले पाहाले लय घरं आले. पोहे खाल्ले, चाल पाहिली, अक्षर पाहिलं. एकाबी घरानं नाही विचारलं का बाई, तुले काही पाहाचं आहे का म्हणून. मंग मी पोहेच बंद केले." एवढंच. त्यानंतर या विषयावर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

गोंदियात अध्यक्षांनी त्यांना सांगितलं की खेड्यातल्या मशीनवर मेनू नाही उतरला तर एवढं काय बिघडलं? मुलगी कोणती ते मुलगा ठरवतो. मुलीच्या बापाला फोन गेला म्हणजे काम झालं. तळाशी ती 'उत्तम दिसेल' वाली ओळ टाका आणि मोकळ्या व्हा. मॅडम मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी म्हातारबासाठी वेगळा कोड लिहून आणला. आमच्याकडे मेनू उतरला, पण परत मिटलाच नाही. मुलींच्या फोटोंवर पसरून बसला. तो दुरुस्त केला तर तिकडे हिरो बिघडला. मॅडम येत होत्या, "पडला" म्हणत होत्या आणि जात होत्या. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. शेवटी एका दुपारी आल्या त्या मेनूच फेकून देऊन. पानावर आता फक्त दोन बटणं होती, शेजारीशेजारी, एकाच रंगाची, एकाच मापाची. एकावर 'वधू', दुसऱ्यावर 'वर'. दिसायला अगदीच साधं, रेशनच्या दुकानाच्या पाटीसारखं. अध्यक्ष त्यावर नाराज होते म्हणे.

"दाब," त्या मला म्हणाल्या.

मी 'वर' दाबलं. आमचं इंटरनेट फोनच्या तारेवरचं; फोटो वरून खाली सावकाश उतरायचे. आधी केस, मग कपाळ, मग चष्मा.

"दिसून राहिले?"

"दिसून राहिले."

"सगळे?"

"एकाची मान यायची आहे अजून."

मान आल्याशिवाय त्या गेल्या नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला पाहायला पाहुणे आले. मुलगा पुण्याला कंपनीत होता. मध्यस्थाने बाबांना सांगितलं होतं की माणसं मोकळ्या विचारांची आहेत. पोरगी शिकली तरी चालेल, नोकरी केली तरी चालेल. बाबा खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी बूथ उघडला तेव्हा सहज त्याचं पान काढलं. फोटो उतरला, उंची आली, पगार आला. अगदी शेवटी 'अपेक्षा' आल्या. 'मुलगी गृहिणी असावी. पुढील शिक्षण व नोकरीची इच्छा नसावी.' मी ते दोनदा वाचलं. मग बूथ बंद करून घरी गेले आणि आईने काढून ठेवलेली साडी नेसले.

पोहे झाले. मुलाच्या आईने विचारलं, स्वयंपाक येतो का. येतो म्हटलं. मग त्या बाबांना म्हणाल्या, "आमचं काही नाही जी. शिकू द्या, नोकरी करू द्या. आमच्या घरी पोरीले लय मोकळीक आहे." नंतर पद्धतीप्रमाणे कोणीतरी हसत म्हणालं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचार. हे वाक्य विचारण्यासाठी नसतं हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी मुलाकडे वळून म्हणाले, "तुमच्या पानावर लिहिलं आहे की मुलीला शिकायची नि नोकरीची इच्छा नसावी. आता तुमच्या आई म्हणाल्या मोकळीक आहे. यातलं खरं कोणतं?"

मुलगा लाल झाला. फॉर्म भावाने भरला, असं काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा ना." त्याने आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "पोराइची माहिती पोरीले दिसते? हे कोणं ठरवलं? आमाले तर सांगितलं होतं का फक्त पोरीचे फोटो दिसतेत म्हणून!"

मला वाटलं आता बाबा माझ्यावर उखडणार. बाबांनी शांतपणे बशी खाली ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाले, "गोंदियाची गाडी आता सुटतच असन. जावा लागन तुमाले, नाही तर मुक्काम पडन." माझे बाबा काही फार बोलणारे नव्हते, पण त्या वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर मानत आले आहे.

मुलाच्या घरच्यांचा अध्यक्षांना फोन गेला, हे मध्यस्थाकडूनच आम्हाला कळलं. आपल्यामुळे मॅडमचं काम जाणार, ही धास्ती बाबांना. ते मला म्हणाले, "जाय, त्याइले आधी सांगून ये. बाहेरून कळू नये." मी दुसऱ्या दिवशी गाडीने गोंदियाला गेले आणि बारदान्याच्या दुकानाशेजारचा जिना चढले, तर अध्यक्ष माझ्याआधीच येऊन बसले होते. मॅडमनी मला एका बाकावर बसायची खूण केली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. टायपिंगवाली कोणी पोरगी असेल असं त्यांना वाटलं असणार. अंगठी टेबलावर वाजतच होती.

"मॅडमजी, समझो बात को. अर्जुनीची कोणी पोरगी आहे, तिनं चार लोकांत तमाशा केला. आता आणखी फोन येऊन राहिले, लडकेवालों के. मेळावा तोंडावर आला. मी म्हणतो मुलांचं पान बंद नका करू. शहरात दिसू द्या, चांगलं वाटते. फक्त ते जुन्या मशीनवर नाही दिसलं पाहिजे. पहिले जैसा था ना, तसं करून द्या. गावात दिसतच नव्हतं, कोणाची तक्रार बी नव्हती."

मॅडमनी चष्मा काढला. इतकी वर्षं ज्या दुखण्याशी त्या झगडल्या, तेच दुखणं हा माणूस ऑर्डर देऊन मागत होता. मला वाटलं त्या ओरडतील. त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि ते काही चांगलं हसणं नव्हतं.

"अध्यक्षसाहेब, बिघडलेलं पान सुधारून द्या म्हणणारे लय आले. सुधारलेलं बिघडवून द्या म्हणणारे तुम्ही पहिले." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तमाशावाली पोरगी ही बसली आहे. मले कायले सांगता? तिलेच सांगा का बाई, तुले लोकं पाहतीन, तू कोणाले पाहू नको."

अंगठी थांबली. अध्यक्ष माझ्याकडे वळले, घसा साफ केला. "बेटा, वैसा नहीं है... तू तर आमच्या पोरीसारखी..." मला संताप आला होता. मी म्हणाले, "सांगा ना काका. ऐकते मी."

त्यांनी अंगठी बोटातल्या बोटात फिरवायला घेतली.

"उठ," मॅडम मला म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. समोर स्क्रीनवर मुलींच्या पानाचा कोड होता, ओळींवर ओळी. "यात तुझं नाव शोध. सापडलं? आता ह्या खुणेपासून त्या खुणेपर्यंत सगळं तुझं होय. फोटो, उंची, रास, बापाचा फोन. ठेवाचं का काढाचं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मले नको विचारू. पान तुझं आहे."

मी ओळी निवडल्या आणि काढून टाकल्या. मॅडमनी पान इंटरनेटवर चढवायचं कसं ते दाखवलं, चढवलं मीच. वेबसाइटवर मी केलेलं हे पहिलं काम, आणि ते मी स्वतःला काढण्याचं केलं.

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले होते. "मॅडम, ये क्या कर रहे हो? असं एकेक करून पोरी निघून गेल्या तर साइटवर राहीन कोण?"

"पोरं राहतीन ना," मॅडम म्हणाल्या. "पाहू द्या त्याइलेच एकमेकाले."

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. मेळावा तोंडावर होता आणि आता नागपूरहून कोणी येऊन नवी साइट करून देणार नव्हतं. ते म्हणाले, राहू द्या दोन्ही बटणं. मॅडम म्हणाल्या, सगळ्या मशीनवर. ते म्हणाले, हो बाई, सगळ्या मशीनवर. जिन्यावरून उतरताना त्यांची चप्पल जोरजोरात वाजत गेली.

मॅडमनी पर्समधून फुटाण्याची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. "ऐकलं ना? दोन्ही बटणं राहिली. आता तुझं नाव परत चढवू का?"

"नको," मी म्हणाले. "मला हे शिकवा."

"मंग खुर्चीत का बसून राहिली? काम झालं का तुझं? एका मशीनवर पाहाचं आन उठाचं, असं आपल्या इथं नाही चालत."

मी उठले. हिरोवर पान उघडलं. मी गेले होते. त्याच्या शेजारच्यावरही गेले होते. म्हातारबावर मात्र निळ्या ड्रेसमध्ये तशीच बसलेली होते, तोच ओळखपत्रावरचा चेहरा. म्हातारबाने जुनं पान पोटात धरून ठेवलं होतं. मॅडम मागून म्हणाल्या, कंट्रोल दाबून ठेव आणि पान नव्याने आणायला लाव. मी दाबलं. स्क्रीन पांढरी झाली आणि मुली एकेक करून उतरायला लागल्या. मी खालपर्यंत पाहत गेले. त्यांत मी कुठेच नव्हते, आणि मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.